रशियन ‘नेबो’चं (म्हणजे आभाळ) अनेकवचन ‘नेबेसा’ का होतं? मधला ‘स’ कुठून आला, आणि आपल्या ‘नभ’शी त्याचं काही नातं आहे का?

नातं अगदी सख्खं आहे. आणि तो ‘स’ कुठून आलेला नाही, पहिल्यापासून तिथेच होता. एकवचनात तेवढा गळाला.

रशियन आणि तिच्या बहिणी जिच्यातून निघाल्या त्या आदि-स्लाव्हिक भाषेतला मूळ शब्द *नेबो असा मांडतात. पुढची चांदणी म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, वंशातल्या भाषांवरून बांधलंय. स्लाव्हिक लिखाण सुरू झालं तेच ९व्या शतकात. त्या लिखाणाच्या जुन्या धर्मभाषेत (ओल्ड चर्च स्लाव्हॉनिक) हा शब्द असा चालतो: प्रथमा नेबो, षष्ठी नेबेसे, चतुर्थी नेबेसि, अनेकवचन नेबेसा.

आता शाळेतलं संस्कृत आठवा. ‘नभस्’ नपुंसकलिंगी, सकारान्त. षष्ठी नभसः, सप्तमी नभसि. ‘नेबेसे’ आणि ‘नभसः’ एकाखाली एक लिहून बघा, सांगाडा एकच. स्लाव्हिकमध्ये ‘भ’चा ‘ब’ झाला आणि शब्दाच्या शेवटचं व्यंजन टिकेनासं झालं, म्हणून प्रथमेतला ‘स’ गेला. षष्ठीत त्याच्यामागे स्वर होता, तिथे तो वाचला.

इथे एक सापळा आहे, मीही त्यात पडलो होतो. ‘नभोमंडळ’, ‘नभोवाणी’ यातला ‘नभो’ बघून वाटतं, हाच तो नेबो! पण आपला ‘ओ’ विसर्गसंधीचा आहे, त्यांचा ‘ओ’ मूळचाच. सारखेपणा योगायोगाचा. खरा पुरावा ‘नभस्तल’मधल्या ‘स’मध्ये आहे.

पुढे रशियनमध्ये ‘नेबो’ दिसायला ‘सेलो’ (खेडं) सारखाच, म्हणून षष्ठीही ‘सेला’सारखी ‘नेबा’ झाली. अनेकवचन मात्र ‘नेबेसा’च राहिलं. प्रार्थनेत सतत कानावर पडणारं रूप सहजी बदलत नसावं, असं मला वाटतं: ‘आमच्या स्वर्गातील बापा’ या प्रार्थनेच्या जुन्या स्लाव्हिक पाठात ‘स्वर्गात’साठी ‘ना नेबेसिखु’ अशी अनेकवचनी सप्तमीच आहे.

अर्थ आधी ‘धुकं, ढग’ असा होता. ग्रीक ‘नेफोस’ म्हणजे ढग, लॅटिन ‘नेब्युला’ म्हणजे धुकं. आपल्याकडे वैदिक महिन्यांत श्रावणाला ‘नभस्’ म्हणत, ते ढगांमुळेच असणार.

जाता जाता: रशियनमध्ये टाळूला ‘न्योबो’ म्हणतात. शब्द तोच, म्हणजे तोंडातलं आभाळ! बोलीतल्या ‘ए’चा आघाताखाली ‘यो’ झाला. वरचं आभाळ चर्चच्या भाषेतून आलं, म्हणून त्याचा ‘ए’ राहिला.