कोटिंगवालं स्लो-रिलीज खत वापरून प्रदूषण खरंच कमी होतं का?

हो, होतं, पण डोस आधीएवढाच ठेवला तर बराचसा फायदा वायाच.

साध्या युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो आणि तो टाकल्यावर थोड्याच दिवसांत विरघळून बदलायला लागतो, मुळं तेवढ्या वेगाने घेऊच शकत नाहीत, मग काही अमोनिया होऊन उडून जातो, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर विहिरीत नाहीतर तलावात जातो (तिथे शेवाळ माजतं, ऑक्सिजन संपतो, मासे मरतात) आणि थोडा भाग मातीतले जिवाणू नायट्रस ऑक्साईड करून सोडतात. हा वायू 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साईडच्या साधारण 273 पट तापवतो, त्यामुळे मला जास्त काळजी याचीच वाटते.

खताच्या दाण्यावरच्या पॉलिमर (प्लास्टिकसारख्या) कोटिंगमधून पाणी आत शिरतं, खत आतच विरघळतं आणि हळूहळू बाहेर येतं. वेग मुख्यतः तापमानावर ठरतो, आणि पीकही उबेतच जोरात वाढतं म्हणून मेळ चांगला बसतो. गंधकाचं कोटिंग स्वस्त पडतं पण त्याला तडे जातात, मग खत एकदम सुटतं.

एक गोष्ट मात्र खटकते, पॉलिमरची रिकामी टरफलं मातीत राहतात आणि त्याचं मायक्रोप्लास्टिक (प्लास्टिकचे बारीक कण) होतं. युरोपियन युनियनने तर 2028 च्या ऑक्टोबरपासून न कुजणाऱ्या पॉलिमर कोटिंगवर बंदी ठरवलीये. त्यामुळे मिळत असेल तर कुजणारं कोटिंगच घ्या, आणि पाकिटावर रिलीजचे किती दिवस लिहिलेत ते पिकाच्या कालावधीशी जुळवून बघा, कारण पीक काढल्यावरही खत सुटत राहिलं तर ते पुन्हा पाण्यातच जाणार.