उंचावर हवेचा रोध कमी असतो, मग जुन्या विमानांना सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) कशाला लागायचा?

रोध कमी होतो हे खरंच. पण इंजिनालाही तीच विरळ हवा ओढावी लागते. साधारण १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी गेला की पेट्रोलही कमीच जळणार.

किती फरक पडतो ते १९१८ मध्ये अमेरिकेत मोजलं गेलं. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन थेट कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, १४,००० फुटांहून उंच नेऊन चालवलं. (उडत्या विमानात मोजमापं घेत बसण्यापेक्षा डोंगर बरा, ही त्यांची शक्कल मला फार आवडते.) खाली ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन शिखरावर २३० वर आलं. टर्बो-सुपरचार्जर जोडल्यावर ३५६!

हा टर्बो एक्झॉस्टवर फिरायचा. वाया जाणारा वायू टर्बाइन फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर इंजिनात हवा कोंबतो. ताकद फुकटात मिळाल्यासारखी वाटते, पण टर्बाइन तापून लालबुंद व्हायचं आणि ती धग सोसणारे धातू तेव्हा सहज मिळत नव्हते. म्हणून मॉस यांनी ते चाक बाहेरच्या थंड वाऱ्यात उघडं ठेवलं. ब्रिटिशांचा कल क्रँकशाफ्टवरून (पिस्टन फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून) गिअरने कॉम्प्रेसर फिरवण्याकडे होता. त्यात इंजिनाची थोडी ताकद खर्ची पडते, पण आगीशी खेळ नाही.

आता तुम्ही विचाराल, मग हा जादा दाब जमिनीवरच का नाही वापरायचा? हवा दाबली की तापते, आणि त्या काळच्या पेट्रोलवर लगेच नॉकिंग (इंधन वेळेआधीच आपोआप भडकणं) सुरू होऊन पिस्टन निकामी व्हायचे. त्यामुळे असं इंजिन खाली असताना पायलटला थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडता येत नसे. तेव्हा सुपरचार्जरचं मुख्य काम जमिनीवरची ताकद वर टिकवणं हेच होतं, ती वाढवणं नव्हे.

इंजिनाची सोय झाली, माणसाची मागेच राहिली. १९२० मध्ये अमेरिकन वैमानिक रुडॉल्फ श्रोडर टर्बो लावलेलं विमान घेऊन ३३,००० फुटांपर्यंत गेले, तिथे ऑक्सिजन तुटला आणि ते बेशुद्ध पडले. विमान हजारो फूट कोसळलं, तरी शुद्धीवर येऊन त्यांनी ते उतरवलं. १९३३ मध्ये बिहारमधल्या पूर्णियाजवळून उडून दोन विमानं एव्हरेस्टवरून गेली, गिअरवाल्या सुपरचार्जरच्या ब्रिस्टल पेगॅसस इंजिनांवर. त्याही वेळी एका विमानातल्या छायाचित्रकाराची ऑक्सिजनची नळी फुटली आणि तो बेशुद्ध झाला.