पीसी मस्त चालतोय, मग फॉरमॅट कशाला?

तुमचा प्रश्न असा की आईबाबांचा पीसी झकास चालतोय, हँग नाही, पॉपअप नाही, अँटीव्हायरस हिरवा टिक दाखवतोय, फक्त भावाने मध्ये कुठलंसं क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायचा जुगाड) टाकलं होतं, तर एवढ्यासाठी फॉरमॅट मारायचा का? माझं मत, हो, मारा.

पीसी स्लो होणं, स्क्रीनवर काहीबाही नाचणं हे जुन्या काळचं झालं. आता ज्याला तुमच्या मशीनमधून पैसे काढायचेत तो मशीन बिघडू कशाला देईल? डीएनएसचेंजर नावाचा व्हायरस आठवतो का? त्यामागे एस्टोनियातली टोळी होती, एफबीआयने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये पकडवली, तोवर शंभरावर देशांतले साधारण ४० लाख कॉम्प्युटर बाधित झालेले. तो फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) सेटिंग बदलून टोळीच्या सर्व्हरकडे वळवायचा आणि अँटीव्हायरसचे अपडेट येऊ द्यायचा नाही, बाकी नेट व्यवस्थित चालू. लोकांचं नेट तुटू नये म्हणून त्या टोळीच्या सर्व्हरच्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर लावले, बातम्या दिल्या, तपासायच्या साइट काढल्या, तरी ९ जुलै २०१२ ला ते बंद करायची वेळ आली तेव्हा दोन लाखांवर मशीन तशीच होती!

दुसरं उदाहरण ९११ एस५, लोकांची घरची नेट कनेक्शन त्यांच्या नकळत भाड्याने देणारं जाळं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन असली फुकट व्हीपीएन लोकांनी हौसेने टाकली आणि मागच्या मागे त्यांचं कनेक्शन भाड्याने गेलं, म्हणजे घर तुमच्या नावावर आणि आत पोटभाडेकरू कोण ते तुम्हालाच माहीत नाही. २०२४ च्या मे मध्ये ते बंद पाडलं तेव्हा १ कोटी ९० लाख आयपी अ‍ॅड्रेस (नेट कनेक्शनचे पत्ते) निघाले. फ्रॉड करणारा तिसराच, आयपी मात्र घरच्यांचा.

आणि क्रॅकमधून बऱ्याचदा येतो तो इन्फोस्टीलर. हा तर मुक्कामच करत नाही. क्रोममधले सेव्ह पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या फाइली) उचलतो, पाठवतो, काही प्रकार नंतर स्वतःला डिलीट करून टाकतात. मग आज स्कॅन क्लीन येणारच ना.

त्या हिरव्या टिकचं पण एक बघा. क्रॅकवाले आधी सांगतात डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद करा नाहीतर फोल्डर एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या यादीत टाका. विंडोज सिक्युरिटीत जाऊन एक्सक्लूजनची यादी उघडा, तिथे अख्खा सी ड्राइव्ह दिसला तर स्कॅनने तिकडे बघितलेलंच नाही. प्रोटेक्शन हिस्टरी पण बघा, आधी काही पकडून कुणी अलाऊ केलंय का ते कळतं. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन मारा, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्र या साइटवर फुकट टूल मिळतात, ती पण चालवा. पण हे सगळं क्लीन आलं तरी क्रॅक चालवलंय म्हटल्यावर मी त्या पीसीवर बाबांचं नेटबँकिंग करू देणार नाही.

फॉरमॅट करताना फोटो, कागदपत्रं तेवढी घ्या, सेटअपच्या फाइली आणि ते क्रॅक परत आणू नका (भाऊ म्हणेल राहू दे, ऐकू नका), विंडोज नव्याने टाकायचा पेनड्राइव्ह दुसऱ्या चांगल्या मशीनवर बनवा. राउटरचं डीएनएस बघा आणि त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला.

पासवर्ड मात्र आजच, फॉरमॅटची वाट न बघता, फोनवरून बदला. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. बदलून झालं की सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, कारण कुकी चोरीला गेली असेल तर तिला पासवर्ड लागतच नाही, ओटीपीही विचारला जात नाही. जीमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर पण बघून घ्या, कुणी मेल परस्पर स्वतःकडे वळवलेत का ते कळेल. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, पीसीचं नंतर बघू.