महाद्वार रोड दोन तासांत? जरा थांबा

तुमचा बेत थोडक्यात असा: शनिवारी सकाळी पुण्याहून निघायचं, बरोबर आई आणि सासूबाई, दोघींचेही गुडघे दुखरे. दुपारी दोन तासांत अंबाबाईचं दर्शन, ओटी, गुजरी या सराफांच्या गल्लीत साज (गळ्यातला पारंपरिक कोल्हापुरी हार) बघणं, दोघींना चपला आणि वेळ उरलाच तर जुनं कोल्हापूर. मग संध्याकाळी पन्हाळ्यावर मुक्काम. जमेल का?

जमेल की. न जमायला काय झालं? रोज कितीतरी गाड्या असंच करून जातात. रांगेत दीड तास जातो, उरलेल्या अर्ध्या तासात पहिल्या दिसेल त्या दुकानातून चपला घेतल्या जातात आणि परतताना गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही.

माझं ऐकाल तर मुक्काम कोल्हापुरात करा, पन्हाळा रविवारी. वीसेक किलोमीटर तर आहे. आणि क्रम उलटा लावा: शनिवारी दुपारी जेवून दोघींना झोपू द्या, ऊन उतरलं की बाजार, रविवारी पहाटे देऊळ. आता सासूबाई म्हणतील, अंबाबाईचं दर्शन न घेता आधी खरेदी? त्यांचं चुकत नाही. त्यावर इथल्यांचाच तोडगा आहे. संध्याकाळी महाद्वारातून, म्हणजे देवळाच्या पश्चिमेकडच्या मुख्य दारातून, मुखदर्शन घ्यायचं. लांबून होतं, पण अगदी समोरून होतं. महाद्वार रोडवरच्या कित्येक दुकानदारांचं रोजचं दर्शन याहून जास्त नसतं. दुकान उघडायच्या आधी दारात उभं राहून हात जोडायचे आणि शटर वर करायचं.

देऊळ एक आणि बाजार दुसरा असं इथे धरता येत नाही, म्हणून एवढं सांगतोय. अंबाबाईचं तोंड पश्चिमेला आहे. जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन-तीन दिवस मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर येतात. हाच किरणोत्सव. ती किरणं येतात कुठून? रंकाळ्याच्या बाजूनं, घरांच्या आणि दुकानांच्या डोक्यांवरून. वाटेत एखाद्या इमारतीचा मजला वाढला, पाण्याची टाकी बसली की किरणं पोटाशीच अडकतात आणि दुसऱ्या दिवशी पेठेत त्याचीच चर्चा. तेव्हा तो रस्ता गाभाऱ्याचाच लांबलेला भाग समजा.

गाडीचं आधी सांगतो, कारण निम्म्या लोकांचा मूड तिथेच जातो. महाद्वार रोडला गाडी घालायचा विचारही करू नका. बिंदू चौकात पार्किंग आहे, तिथे लावा. तिथले महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बघूनच पुढे निघा. ९ डिसेंबर १९५० ला ते बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. शेजारी जुन्या तटबंदीचा तुकडा अजून उभा आहे. तिथून भवानी मंडपापर्यंत दोघींना रिक्षा करून द्या, तुम्ही चालत या.

भवानी मंडप म्हणजे छत्रपतींचा जुना वाडा. आत तुळजाभवानीचं देऊळ. बाहेरच्या नगारखान्याच्या कमानीखाली मान वर करून उभं राहिलात तर मागून रिक्षावाला 'ओ पावणं' म्हणून हाक देईल, राग मानू नका. इथून देवळाचा पूर्व दरवाजा हाकेच्या अंतरावर. देवळाला वळसा घालून महाद्वारात यायचं. मुखदर्शन झालं, देवळाकडे पाठ केली की रस्ता दोन्हीकडे फुटतो. डावीकडे बिनखांबी गणेश, उजवीकडे पापाची तिकटी. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. पत्ता विचारताना चौक म्हणालात तर परगावचे म्हणून लगेच ओळखू याल.

समोर तारबाई... नाही, ताराबाई रोड (आम्ही बोलताना एक काना खातो). तिथेच कपिलतीर्थ मार्केट. भाजी मंडई आहे, तुम्हाला खरेदी काही नाही, तरी आत जाच. हे पूर्वी तळं होतं. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव. एकेक तळं बुजत गेलं आणि नावं मागे राहिली. कपिलतीर्थावर मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, रावणेश्वराच्या तळ्यावर फुटबॉलचं स्टेडियम. गांधी मैदान तर दर पावसाळ्यात आपण मुळात कोण होतो ते आठवून पुन्हा तळं होतं. देवळाच्या आवारातलं मणिकर्णिका कुंडही असंच बुजवलेलं होतं, ते अलीकडे उकरून काढलं. कपिलतीर्थाच्या भाजीवाल्या मावश्यांच्या मागेच ग्रामदैवत कपिलेश्वर बसलाय. मेथीच्या जुड्या ओलांडून त्याच्यापर्यंत जावं लागतं. मला आख्ख्या पेठेतलं हे सगळ्यात आवडतं देऊळ. जवळच बाबूजमाल दर्गा आहे, त्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. वर बघायला विसरू नका.

आता गुजरी. महाद्वार रोडवरून आत वळणारी ही सराफांची गल्ली. साज घ्यायचा आहे की नुसता बघायचा आहे, हे घरी ठरवून या. गुजरीत बसून ठरवलंत तर ठरवणारे तुम्ही नसता. पूर्ण साजाला २१ पानं, म्हणजे छोटी पदकं. दहा पानं दशावतारांची, आठ अष्टमंगळाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं. मध्ये जवमणी. सराफाला सांगून साज मखमलीवर उलगडून ठेवायला लावा आणि सासूबाईंना एकेक पान ओळखायला सांगा. मासा, कासव, चंद्र, शंख, बेलपान असं बोट फिरवत जायचं. माझ्या आजीला सगळी पानं तोंडपाठ होती, मी अजून निम्म्यावर अडखळतो. हल्ली दहा-बारा पानांचेही साज करतात, रोज घालायला तेच बरे.

इथे एक गोष्ट नीट ऐका. साजाची पानं आणि ठुशीचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यात लाख भरलेली असते. त्यात फसवणूक काही नाही, घडणच तशी आहे. लाख नसेल तर पत्रा चेपेल. पण वजन करताना लाख धरून किती आणि निव्वळ सोनं किती, हे दोन आकडे वेगळे विचारा आणि पावतीवर वेगळे लिहून घ्या. घडणावळही वेगळी लिहायला सांगा. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो, १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. आमच्या घरातली एक ठुशी मोडीला काढली तेव्हा पावतीवर एकच वजन होतं. लाखेचं किती वजा धरायचं यावरून तासभर हुज्जत घातली आणि शेवटी आम्हीच गप्प बसलो. सोनं परवडत नसेल तर चांदीवर पाणी दिलेला साज घ्या. चांदीचं काम जवळच्या हुपरी गावातून येतं, हात सफाईदार असतो.

चपलांसाठी शिवाजी चौकाजवळची चप्पल लाईन. यावर मी जरा लांब बोलणार आहे, कारण मी स्वतः फसलोय. कोल्हापूरचा असून. एका मित्राला जोड पाठवायचा होता, दुकानं बंद व्हायची वेळ, समोर दिसली ती चकचकीत चप्पल उचलली. पहिल्याच वळवाला तिचा तळवा उसवला आणि आतून निघाला पुठ्ठा. मित्रानं फोटो पाठवला, खाली एकच ओळ: 'जगात भारी!' अजून मला तो तेवढ्यावरून छळतो.

त्यामुळे आता बघून घेतो. चप्पल हातात घेऊन आधी वास घ्या. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला तुरट, मातकट वास येतो. रंगाचा किंवा गोंदाचा उग्र दर्प आला तर खाली ठेवा. मग ती आडवी धरून कड बघा. तळव्याचे थर एकमेकांवर बसलेले दिसले पाहिजेत, त्यांच्यामध्ये गुळगुळीत फिकट पट्टी दिसली की आत पुठ्ठा आहे असं समजायचं. मग शिवण. जुन्या पद्धतीच्या चपलेला खिळा नसतो, शिवण चामड्याच्याच वादीची असते, आणि हातानं घातलेला टाका किंचित वाकडातिकडा असतो. टाके फूटपट्टीनं आखल्यासारखे एकसारखे दिसले तर ते मशीनचं काम. वरच्या पट्ट्यावरची चामड्याची वेणी बोटानं उलटून मागची बाजूही बघा. शेवटी कान, म्हणजे बाजूचे ते दोन पंखे, दाबून बघा. नवे असताना ते कडक असतात आणि तसेच असायला हवेत.

कापशी, पायताण, बक्कलनाळी, पुकरी अशी नावं ऐकाल. तुमच्या दोघींसाठी जड पायताण नको, हलकी कापशी मागा. नवी चप्पल चावते. पहिले आठ दिवस घरात घाला, चपलेच्या अंगठ्याला (पायाचा अंगठा अडकतो त्या कडीला) आणि कानांना आतून खोबरेल लावा, पावसात बाहेर काढू नका. भाव मुकाट्यानं देऊ नका आणि फार घासाघीसही करू नका. २०१९ ला या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर अशाच घडणीच्या चपला उतरवल्या, तेव्हा गावात संताप झाला आणि छुपा आनंदही. सुभाषनगर, जवाहरनगरात घराच्या उंबऱ्यावर बसून रापी (चामडं कापायचं हत्यार) चालवणाऱ्या माणसाच्या हातात त्यातलं किती पडतं, हा प्रश्न मात्र मिलानच्या आधीपासूनचा आहे.

एवढं होईपर्यंत दोघी दमलेल्या असतील. त्यांना खासबागेच्या खाऊगल्लीत बसवून भेळ खाऊ घाला. खासबागचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृहही त्यांच्याच काळातलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, तेव्हा रस्त्यावर उभी राहून माणसं रडली होती. मी त्यांतलाच.

तुमच्या अंगात जोर उरला असेल तर एकटे पापाची तिकटी ओलांडून गंगावेशीत जा. दूध कट्ट्यावर म्हैस उभी असते, गवळी उकिडवा बसून धार काढतो आणि ती तुमच्या देखत पेल्यात येते. दूध कोमट असतं, वर बोटभर फेस, आणि पेला रिकामा केल्यावर मिशी पुसावी लागते. न तापवलेलं दूध आहे, तेव्हा पोट नाजूक असलेल्यांनी आणि वयस्करांनी नुसतं बघावं.

रविवारी पहाटे पाचच्या सुमाराला देवळात पोचा. सात-साडेसातनंतर रविवारची गर्दी लागते. आत गेल्यावर घाई करू नका. देवीच्या हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, पण साडीचोळीत ते झाकलेलं असतं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. आक्रमणांच्या काळात ही मूर्ती लपवून ठेवली होती, १७१५ च्या विजयादशमीला पुन्हा बसवली. वरच्या मजल्यावर मातृलिंग नावाचं शिवलिंग आहे; जिना आहे, गुडघ्यांचा विचार करून तो सोडा. त्याऐवजी बाहेरच्या भिंतीजवळून एक प्रदक्षिणा हळूहळू घाला. वाद्यं घेतलेल्या, नाचणाऱ्या बायकांचे दगडी पट्टे आहेत, आणि पहाटेच्या तिरप्या दिव्यांत काळ्या दगडावरचे त्यांचे दागिने दुपारपेक्षा जास्त उठून दिसतात. काल गुजरीत बघितलेलं त्यात सापडतं का, हे दोघींना शोधू द्या. ओटीचं सामान जोतिबा रोडवर मिळतं, आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा.

नऊपर्यंत मिसळ खाऊन (इथे ती पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते, तक्रार करू नका) पन्हाळ्याला निघता येईल. रविवारचा लक्ष्मीपुरीचा बाजार वाटेत भुरळ घालेल. मार्च ते मेमध्ये येत असाल तर संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची घेऊन चटणी कांडून न्या; एरवी नको, गाडीत पुरेसं सामान झालेलं असेल.

टाऊन हॉलमधलं म्युझियम या खेपेला राहील. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन ब्राँझची मूर्ती तिथे आहे, ती बघायला परत यावं लागेल.

आणि एक काम निघायच्या आदल्या रात्री करा. दोघींना वर्तमानपत्रावर उभं करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद घडी करून पर्समध्ये टाका. सूज आलेल्या पायानं संध्याकाळी घेतलेली चप्पल सकाळी सैल होते. आणि डावा-उजवा पाय बऱ्याच जणांचा सारखा नसतो, आमच्या आईचा तर अर्ध्या नंबरानं वेगळा आहे. कागद समोर ठेवलात की कारागीर त्यावर तळवा ठेवून बघतो आणि लागलं तर तिथल्या तिथे चपलेचा अंगठा सैल करून देतो.