सायकेडेलिक थेरपीला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की 'सायकेडेलिक-असिस्टेड थेरपी'साठी (म्हणजे मनाची अवस्था बदलणारी औषधं देऊन, सोबत बोलून केलेला मानसोपचार) एका लेखात 'नशेचे उपचार' असं वाचलं, ते बरोबर आहे का, आणि नसेल तर 'भ्रमकारक औषधोपचार' चालेल का?

पहिला नकोच. 'नशा' म्हटलं की वाचणाऱ्याचं मत तिथेच बनतं, पुढचं कोण वाचतंय! आणि हा वाद इंग्रजीतही होऊन गेलाय बरं का. १९५० च्या दशकात डॉक्टर मंडळी एलएसडीसारख्या द्रव्यांना 'सायकोटोमिमेटिक' म्हणायची, म्हणजे वेडाची नक्कल करणारी. हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाला तो शब्द अपुरा वाटत होता, मग १९५६ मध्ये लेखक आल्डस हक्सलीशी पत्रव्यवहार चालू असताना त्याने ग्रीकमधून 'सायकेडेलिक' घडवला, मन उघड करून दाखवणारं अशा अर्थाने. हक्सलीने 'फॅनेरोथाइम' सुचवला होता, तो टिकला नाही ते बरंच झालं.

आता 'भ्रमकारक'. मानसोपचारात भास वेगळा आणि भ्रम वेगळा. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं हा भास, आणि शेजारी आपल्याला विष घालणार ही कितीही पुरावे दिले तरी न हटणारी समजूत म्हणजे भ्रम. सायलोसायबिन (काही अळंब्यांमध्ये सापडणारं द्रव्य) घेतल्यावर डोळे मिटले की नक्षी दिसते, रंग हलतात, पण हे औषधामुळे होतंय याची जाणीव सहसा शाबूत असते. म्हणजे फार तर 'भासकारक' म्हणा. पण एमडीएमएमध्ये ('एक्स्टसी' म्हणतात ते द्रव्य) भास फारसे नसतातच आणि तेही याच चर्चेत येतं, त्यामुळे मी 'सायकेडेलिक' तसाच ठेवेन.

खरी मेख 'असिस्टेड'मध्ये आहे. नुसती गोळी दिली आणि घरी पाठवलं असं यात नसतं, आधी बोलणं, औषधाच्या दिवशी थेरपिस्ट तासन् तास शेजारी, नंतर जे वर आलं त्यावर पुन्हा सत्रं. म्हणून 'सायकेडेलिक औषधांच्या साथीने मानसोपचार', लांबलचक आहे पण खरं आहे. तज्ज्ञांचंही इथेच अडतं, गुण औषधाचा की बोलण्याचा, आणि आपल्याला खरं औषध मिळालंय की नुसती खोटी गोळी हे पेशंटला कळून चुकतं मग चाचणीवर भरवसा किती ठेवायचा? २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) एमडीएमएला मंजुरी नाकारली तेव्हा हे मुद्दे गाजले होते, आणि तिकडे ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना एमडीएमए आणि सायलोसायबिन लिहून द्यायची परवानगी आहे.

सामान्य लोकांचं तर अजून मजेशीर. २०२३ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाने अमेरिकन मतदारांना विचारलं तर ६१ टक्के लोक नियंत्रित उपचाराच्या बाजूने निघाले आणि त्याच पाहणीत ६१ टक्क्यांना ही द्रव्यं समाजासाठी चांगली वाटत नव्हती. म्हणजे दोन्ही बाजूंना थोडी तीच माणसं असणारच ना! त्यामुळे मथळ्यात जागा कमी असेल तर 'सायकेडेलिक उपचार' लिहा, पण 'उपचार' गाळू नका.