मेलमधून उघडलेली फाइल गेली कुठे?

प्रश्न : मी सुताच्या व्यापाऱ्याकडे अकाउंटला आहे. पार्टीने मेलवर एक्सेल पाठवली, मी ती डायरेक्ट मेलमधूनच उघडली आणि दुपारभर रेट भरत बसले, मधेमधे कंट्रोल एस पण मारत होते, संध्याकाळी सगळं बंद करून घरी. सकाळी परत मेलमधून उघडली तर जुनीच फाइल! सेव्ह केलेलं गेलं कुठे? मेलचा प्रोग्रॅम असं परस्पर पुसतो का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, सेव्ह झालं होतं हो, फक्त मेलमधल्या फाइलवर नाही. अटॅचमेंट मेलच्या पोटात असते, एक्सेलला ती तिथून उघडता येत नाही, मग मेलचा प्रोग्रॅम तिची टेम्पररी कॉपी हार्डडिस्कवर टाकतो आणि तुम्ही रेट भरता ते त्या कॉपीत. प्रोग्रॅम कुठला ते लिहिलं नाहीत, पण जुनं आउटलुक ती आयनेटकॅशेतल्या कंटेंट.आउटलुक फोल्डरमध्ये ठेवतं, जो सहज शोधून सापडत नाही, थंडरबर्ड विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये टाकतं.

आधी एक्सेलमध्ये फाइल मेनूत रिसेंटची यादी बघा. तिथून उघडली तर लगेच सेव्ह अ‍ॅज करून डेस्कटॉपवर घ्या. ‘रिकव्हर अनसेव्ह्ड’च्या नादी लागू नका, ते सेव्हच न केलेल्या फाइलींसाठी असतं. नाहीच मिळाली तर रेट परत भरायचे, इलाज नाही.

पुसण्याचं म्हणाल तर हो, मेलचा प्रोग्रॅम ती टेम्पररी कॉपी नंतर पुसतो, आणि पुसायलाच पाहिजे. नाहीतर ऑफिसच्या कॉमन पीसीवर कुणाची पगाराची स्लिप, कुणाचं बँक स्टेटमेंट पडून राहणार आणि पुढचा माणूस आरामात वाचणार. शिवाय एकाच नावाची फाइल सारखी उघडली की आउटलुक नावापुढे (००२), (००३) लावत जातं आणि जुन्या कॉप्या साचल्या की शेवटी फाइल तयार करता येत नाही म्हणून हात वर करतं. प्रोग्रॅम मधेच क्रॅश झाला तर कॉप्या तशाच राहतात, त्या पुढच्या वेळी चालू होताना साफ व्हायला हव्यात.

पण माझं भांडण पुसण्याशी नाहीच, न विचारता पुसण्याशी आहे. प्रोग्रॅमने कॉपी रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, दिली की कंट्रोल एस मारल्यावर एक्सेल नवीन नाव मागते, चिडचिड होते पण काम वाचतं. आणि तसं करायचं नसेल तर बंद होताना प्रोग्रॅमने फाइलची मॉडिफाइडची, म्हणजे शेवटच्या बदलाची, वेळ बघावी ना, बदललेली दिसली तर ‘ठेवू का?’ एवढं विचारायला काय जातं!