हॉप्सची चव: कडू, कडसर, कडवट की तुरट?

प्रश्न असा आहे: घरी केलेल्या, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी एका वेलीची फुलं) सढळ हाताने घातलेल्या एलची, म्हणजे एका प्रकारच्या बिअरची, चव वहीत टिपायची आहे. 'कडू', 'कडवट' आणि 'तुरट' यांतला कुठला शब्द वापरावा?

कडवट आणि कडू यांत थोडं इकडेतिकडे झालं तर चालेल, पण कडू आणि तुरट यांची गल्लत होता कामा नये. कडू ही जिभेची चव. हॉप्सच्या फुलोऱ्यात ल्युप्युलिनची पिवळी, चिकट भुकटी असते. तिच्यातली अल्फा आम्लं उकळताना रूप पालटतात आणि कडूपणा येतो तो त्यातून. तुरटपणा हा मुळात स्पर्श. चहात, धान्याच्या सालांत असणारं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड आवळून येतं. फार वेळ उकळलेला कोरा चहा आठवा. आपल्याकडे 'कषाय' म्हणून तुरटाला सहा रसांत जागा आहे, पण मराठी बोलणारा माणूस 'तोंड आवळलं' असं म्हणतो तेव्हा तो स्पर्शच सांगत असतो.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. एका बॅचबद्दल मी वहीत 'फार कडवट' एवढंच लिहून ठेवलं होतं. पुढच्या खेपेला त्या नोंदीवर विसंबून उकळतानाचे हॉप्स कमी केले. एल मिळमिळीत झाली, आणि गिळल्यावर गालांच्या आत बसणारी ओढ होती तशीच राहिली. मग उलगडा झाला: माल्टवर (मोड आणून वाळवलेल्या धान्यावर) ओतलेलं पाणी दोन्ही वेळा फार गरम होतं, त्यामुळे सालांतलं टॅनिन उतरलं होतं. 'तुरट' लिहिलं असतं तर मी हॉप्सना हातही लावला नसता. तेव्हापासून घोट गिळला की जीभ टाळूवरून फिरवून बघतो. सहज सरकली तर कडू, खरखरली तर तुरट. दोन्ही एकदम असू शकतं, विशेषतः आंबवणीनंतर हॉप्स भरपूर घातले असतील तर. मग दोन्ही शब्द लिहावेत.

आता 'कडवट'. 'कडसर' आणि 'कडवट' दोन्ही सौम्य कडूपणा दाखवतात, पण माझ्या कानाला त्यांत फरक आहे. 'काळसर', 'गोडसर' यांतला '-सर' नुसतं प्रमाण सांगतो, पसंती-नापसंती नाही. 'कडवट' मात्र 'कडवट शब्द', 'कडवट आठवण' अशा ठिकाणी वावरून नाराजी घेऊन येतो. म्हणून हवाहवासा हलका कडूपणा असेल तर मी 'कडसर' लिहितो, खटकला तर 'कडवट', आणि घोट घेववेनासा झाला तर 'कडूजहर'.

भारदस्त वाटावं म्हणून कुणी 'कटू चव' लिहितात. तिथे जरा थांबावं. आपला 'कडू' आला संस्कृत 'कटु'वरूनच, पण आयुर्वेदात कटु म्हणजे तिखट. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून होतं त्रिकटु. कडूला तिथे शब्द आहे 'तिक्त'. वाटेत अर्थ असा सरकला आहे, तेव्हा चवीच्या नोंदीत सरळ 'कडू' लिहावं. मला तो शब्द कुठेच उणा वाटत नाही.

आयबीयूचा, म्हणजे बिअरचा कडूपणा मोजायच्या एककाचा, आकडा लिहिला की काम भागतं, असंही नाही. 40 आयबीयू म्हणजे लिटरमागे साधारण 40 मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्लं. पण माल्टचा गोडवा भरपूर असेल तर तीच एल कडसर लागते आणि कोरडी उतरली असेल तर चांगली कडू.

वासाला 'सुवास' आणि 'दुर्गंध' एवढ्या दोनच पेट्या पुरत नाहीत. 'दरवळ', 'दर्प', 'कुबट', 'उग्र' हे सगळे शब्द कामाला लावावेत. माझ्या वहीतली अलीकडची एक नोंद अशी: 'नाकाशी संत्र्याच्या सालीचा दरवळ. पहिल्या घोटाला कडू, गिळल्यावर कडसर, बराच वेळ रेंगाळते. तुरट नाही.'